तयार घर आधी पावसात बघ

अरे, बोरिवलीत राहून कर्जतच्या प्लॉटवर प्रीफॅब, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून बसवायचं घर टाकतोयस, छानच. पण शोरूममधल्या चकचकीत टाइल्सना भुलू नकोस. त्याच कंपनीने चार-पाच वर्षांपूर्वी बसवलेलं एखादं घर जुलैत जाऊन बघ. पत्र्याचे सांधे, खिडकीखालचे कोपरे, स्क्रूभोवतीचा गंज. गळतं ते तिथूनच. माझं अलिबागचं घर पहिल्याच पावसात गळलं. छपराला उतार नावापुरता होता, आणि मी मात्र पडद्यांचे रंग निवडत बसलो होतो!

सांगाडा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) आहे की नुसता रंगवलेला, हे लेखी घे. त्यात २७५ जीएसएम असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. भिंतीचं पॅनेल कापून आत काय भरलंय ते दाखवायला सांग. थर्माकोल निघाला तर नको. पफ (पॉलीयुरेथेन फोम) उष्णता चांगली अडवतो, पण आगीला रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) सरस. स्वयंपाकघराच्या भिंतीला मी तेच घातलं.

जोतं चांगलं उंच घे. ट्रेलर आणि क्रेन आत येईल का, टेप घेऊन रस्ता मोज. ‘हलवता येतं, परवानगी कशाला?’ म्हणणाऱ्या एजंटावर विसंबू नकोस. सातबारा घेऊन तहसील कचेरीत स्वतः विचार.