इंटरव्ह्यूच्या आधी मशीन लॅब बघून या

पॉवर सिस्टिम्समध्ये एमई, ठाण्याच्या कंपनीत स्विचगिअरवर (सर्किट ब्रेकर, स्विच वगैरे) तीन वर्षं, आणि आता एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरची जागा चालून आलीय, घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. एकोणीस वर्षं मी इलेक्ट्रिकलला शिकवतेय, दोन कॉलेजं झाली, त्या भांडवलावर लिहिते.

पगाराचं आधी उरकून टाकू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. हे कॉलेज खरंच देतं की नुसतं कागदावर दाखवतं, ते ऑफिसात नाही, कॅन्टीनमध्ये कळतं. बोलण्यात ‘कन्सॉलिडेटेड’ (म्हणजे भत्त्यांशिवाय एकच ठोक रक्कम) शब्द आला की कान टवकारा. माझ्या पहिल्या कॉलेजात सलग चार महिने पगार झाला नव्हता, दिवाळीला फक्त सोनपापडीचा डबा मिळाला. नेमणूक कायम आहे की अकरा महिन्यांची, ते पत्रात वाचूनच कंपनीत राजीनामा द्या. आणि पीएचडीचा विचार आजच करा, पुढे असोसिएट प्रोफेसर व्हायला ती लागतेच.

आता कामाचं. नियमाने असिस्टंटला आठवड्याला १६ तासांचं शिकवणं. ऐकायला मजा वाटते ना? बाकीच्या वेळात कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायली, कोर्सच्या मान्यतेसाठी एनबीएची सीओ-पीओ अटेनमेंटची (मुलं ठरलेलं किती शिकली याची) एक्सेल, हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट, पालकांचे फोन, आणि परीक्षा संपली की पेपर. मुंबई विद्यापीठाचे पेपर २०१७ पासून संगणकाच्या पडद्यावर तपासतो आपण. पस्तिसाव्या उत्तरपत्रिकेला डोळे चुरचुरतात. यातलं काहीही तुम्हाला आवडणार नाही, कुणालाच आवडत नाही. म्हणून ते सोडून देते.

खरी परीक्षा मशीन लॅबमध्ये. इंटरव्ह्यूच्या दिवशी तासभर आधी जा, लॅब असिस्टंटला नमस्कार करा आणि डीसी शंट मोटरचा थ्री पॉइंट स्टार्टर, म्हणजे हॅंडल सरकवून मोटर चालू करायची पेटी, बघा. हॅंडल सुतळीने बांधलंय का?

हसू नका, मी बघितलंय. पहिल्या कॉलेजात रुजू झाले त्या आठवड्यातली गोष्ट. स्पीड कंट्रोलचं प्रॅक्टिकल, फील्ड (मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र) कमी करून वेग वाढवायचा. आता या स्टार्टरचं हॅंडल धरून ठेवणारी नो-व्होल्ट कॉइल फील्डच्याच सर्किटमध्ये असते. फील्डचा करंट कमी केला की कॉइल ढिली पडते, स्प्रिंग हॅंडल मागे खेचते, मोटर बंद. दर बॅचला हेच व्हायचं, म्हणून कोणीतरी शहाण्याने हॅंडल ‘ऑन’वर बांधून टाकलं होतं. त्या दिवशी एका मुलाकडून फील्डचा करंट कमी-जास्त करणाऱ्या ऱ्होस्टॅटची वायर सुटली. फील्ड गेलं, मोटरवर लोड नाही, आणि वेग चढतच गेला. तो आवाज अजून कानात आहे, प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा पण न थांबणारा. असिस्टंट मामांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. सुतळी नसती तर फील्ड गेल्याबरोबर हॅंडल आपणहून पडलं असतं, ती कॉइल त्याचसाठी तिथे असते. फोर पॉइंट स्टार्टर आणला तर हॅंडल पडायची कटकट मिटते, पण मग फील्ड तुटल्यावर तो काही वाचवत नाही, तेव्हा फील्डची जोडणी स्वतः हाताने ओढून बघायची. मी अजून प्रत्येक बॅचला बघते.

सुतळी दिसली म्हणजे एवढंच कळतं की या कॉलेजात रीडिंग पूर्ण होणं महत्त्वाचं, मोटर कळणं नाही. मग जर्नल चाळा. चारही बॅचची रीडिंग दशांशापर्यंत सारखी असली तर उत्तर मिळालंच.

पण लॅब जिवंत असेल तर ही नोकरी घ्या. परवाच एका मुलीला वायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारलं, स्टार्टर कशाला? म्हणाली, ‘मोटर स्टार्ट करायला.’ बरोबरच आहे म्हणा! मग कागद पुढे सरकवला. २२० व्होल्ट, आर्मेचरचा (फिरणाऱ्या भागाचा) रेझिस्टन्स १ ओम धर, मोटर अजून फिरत नाहीये म्हणजे बॅक ईएमएफ (फिरण्याने उलट तयार होणारा व्होल्टेज) शून्य, करंट किती? तिने भागाकार केला, २२० अँपिअर लिहिलं, मग मोटरच्या नेमप्लेटवरचे १९ अँपिअर वाचले आणि सुरुवातीचा करंट आवरणाऱ्या त्या स्टार्टरकडे वळून बघितलं. काही बोलली नाही. मला एवढं पुरतं. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीत पुटपुटतात, त्यांना बिनधास्त मराठीत विचारा, निम्म्यांना सगळं येत असतं.

तुमची तीन वर्षं वाया जाणार नाहीत. ब्रेकर खोलून बघितलेला माणूस स्टाफरूममध्ये फार नसतो. आर्क (कॉन्टॅक्ट सुटताना उडणारी ठिणगी) कसा विझतो ते सांगताना जळलेला एक कॉन्टॅक्ट खिशात घेऊन जा, वर्गात फिरवा.

आणि डेमो लेक्चर. ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, पॅनेलने सकाळपासून तीनदा ऐकलेला असतो. लोकल घ्या. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर १५०० व्होल्ट डीसीवर पहिली विजेची गाडी धावली, आणि डीसीची शेवटची लोकलही हार्बरवरच, २०१६ मध्ये. आता सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी. फळ्यावर दोन्ही आकडे लिहा, तेवढीच पॉवर न्यायला करंट किती कमी लागतो ते मुलांकडून काढून घ्या, सुमारे सतरा पट येतो. तारेतला लॉस करंटच्या वर्गाने जातो हे कुणीतरी आपणहून बोलेल. नाही बोललं तर गाडी सुटताना खालून येणारा तो चढत जाणारा सूर कशाचा, ते विचारा. रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलांना तो पाठ असतो, गाडीच्या मोटरला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरचा असतो हे माहीत नसतं.