गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी

तुम्ही लिहिलंय: सहा वर्षांची टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी (म्हणजे ऑटोमॅटिक, जिथे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला जाते), सकाळी पार्किंगमध्ये लालसर डाग, डी (ड्राइव्ह) टाकल्यावर क्षणभर थांबून मग उचलते, आणि गॅरेजवाला म्हणतोय की गिअरबॉक्सचं पुढचं सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. सील गेलंही असेल. पण त्याने गाडी खालून धुऊन बघितली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

आधी तेल गिअरबॉक्सचंच आहे ना, एवढं पक्कं करा. रात्री खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनने खुणावून ठेवा. नुसत्या रंगावर जाऊ नका. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, नवं असताना लाल, जुनं झालं की तपकिरी; उलट काही कूलंट लाल किंवा गुलाबीच असतात. थेंब वाटीभर पाण्यात टाका: कूलंट मिसळून जातं, तेल वर तरंगतं. तेलाला करपट वास असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळत असू शकतात, आणि तो गळतीपेक्षा मोठा विषय आहे.

आता धुण्याचं. चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे पसरतं आणि ओघळत सगळ्यात खालच्या कडेला येऊन टपकतं. ती कड बहुतेक वेळा पॅनची (गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं), म्हणून दोष पॅनच्या गॅस्केटवर येतो आणि कोणीतरी बोल्ट आवळून ठेवतो. जास्त आवळले की पॅनची कड वाकते आणि नसलेली गळती सुरू होते. त्यापेक्षा डिग्रीझरने धुवा, कोरडं करा, पंधरा-वीस किलोमीटर फिरवा आणि रॅम्पवर घेऊन टॉर्चने बघा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा. गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपला जिथे रबर आणि धातू दाबून जोडलेत, त्या जोडावरून बोट मागच्या बाजूनेही फिरवा, डोळ्यांना तो भाग दिसत नाही. मग ड्राइव्हशाफ्ट आत शिरतात तिथली सील, सिलेक्टर शाफ्ट (गिअर लिव्हरने फिरणारा दांडा), वायरिंगच्या कनेक्टरची ओ-रिंग.

डाग कधी पडतो, हेही लिहून ठेवा. गाडी उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू पॅनमध्ये उतरतं, तिथली पातळी वाढते आणि एरवी कोरडी राहणारी सील तेलात बुडतात. त्यामुळे फक्त रात्रभर उभी राहिल्यावर गळत असेल तर सिलेक्टर शाफ्ट, कनेक्टर आधी तपासा. इंजिन चालू असतानाच टपकत असेल तर दाबाखालचे भाग, म्हणजे कूलरच्या लाइन किंवा पंपाकडची बाजू.

हे सगळं कोरडं निघालं आणि थेंब बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, कन्व्हर्टर झाकणारं आवरण) तळातूनच येत असेल, तर गॅरेजवाल्याचं बरोबर. तरीही तिथे दोन सील समोरासमोर असतात, क्रँकचं मागचं आणि गिअरबॉक्सच्या पंपाचं. इंजिन ऑइल की एटीएफ, शंका असेल तर एका तेलात यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) टाकून त्या दिव्याखाली बघता येतं. बॉक्स खाली आलाच तर दोन्ही सील बदला. आणि कन्व्हर्टरच्या गळ्यावर चरा पडलाय का, पंपाचा बुश (तो गळा ज्यात फिरतो ती कडी) झिजलाय का, हे समोर उभं राहून बघा. बुश ढिला असला तर नवं सीलही टिकत नाही.

डीमध्ये उशीर होतोय त्याचं पहिलं कारण कमी पातळी असू शकतं. गिअरबॉक्समध्ये तेल जळून संपत नाही. कमी झालं तर बाहेर गेलंय. पातळी मात्र अंदाजाने भरू नका. बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते. गाडी सपाटीवर, इंजिन चालू आणि तेल कंपनीने दिलेल्या तापमानाला असताना चेक प्लगमधून बघायची असते. थंड तेलावर पातळी जुळवली की गरम झाल्यावर जास्त होते, फेस येतो आणि ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या भोकातून) तेल बाहेर पडतं. मग ही नवीन गळती म्हणून परत शोधाशोध. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. गळती बंद करणाऱ्या बाटल्या मी तरी टाकणार नाही.

कूलंटच्या टाकीत गुलाबी दुधासारखं काही दिसलं (म्हणजे तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतंय), किंवा गिअर घसरून इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, तर गाडी चालवू नका, फ्लॅटबेडवर न्या. तसं नसेल तर धुतल्यानंतरचे बेल हाउसिंगचे आणि कूलर पाइपच्या जोडाचे फोटो टाका, गाडीचं मॉडेलही लिहा.