सॉफ्टवेअरच्या बाजारात मक्तेदारी असताना ग्राहकाला आणि नोकरदाराला खरी निवड असते का?

एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर सगळीकडे चालत असेल, तर ‘पटत नसेल तर दुसरं घ्या’ हे म्हणणं कितपत रास्त आहे, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ग्राहकाला थोडीफार निवड उरते, नोकरदाराला जवळजवळ नाहीच. आणि चर्चा मात्र नेहमी ग्राहकाचीच होते, याचं मला वाईट वाटतं.

आधी ग्राहक. संगणक घेताना ऑपरेटिंग सिस्टिम (संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, उदा. विंडोज) बहुतेक वेळा आपण निवडत नाही, ती आत असतेच. हे आपोआप घडलेलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे संगणक-उत्पादकांशी असे करार असत, की विकलेल्या प्रत्येक संगणकामागे मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायचे, मग त्यात तिची सिस्टिम असो वा नसो. दुसऱ्याची सिस्टिम घालायची तर उत्पादकाला दोनदा खर्च! १९९४ साली अमेरिकेच्या न्याय विभागाशी झालेल्या तडजोडीत ही अट गेली, पण तोवर बाजाराचा कल ठरून गेला होता. पुढे मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या १९९८ च्या खटल्यात न्यायालयाने नेमक्या जागी बोट ठेवलं: जिथे वापरणारे जास्त, तिथेच प्रोग्राम लिहिले जातात, आणि जिथे प्रोग्राम जास्त, तिथेच लोक जातात. नवा प्रतिस्पर्धी कितीही चांगला असला तरी या चक्रात शिरणार कसा? कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश २००१ मध्ये अपिलात रद्द झाला, पण मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा ठपका कायम राहिला.

‘बदलायला एक क्लिक पुरे’ असंही सांगितलं जातं. मग फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून गूगलने एकट्या २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम का मोजली असेल?

नोकरदाराची अडचण याहून खोल आहे. सॉफ्टवेअर खरेदी करणारा एक, दिवसभर त्यावर राबणारा दुसरा. राबणाऱ्याला कुणी विचारत नाही. नोकरीच्या जाहिरातीतही कौशल्याऐवजी थेट प्रॉडक्टचं नाव असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं हाताला बसलेली सवय, रचलेले मॅक्रो (तेच तेच काम आपोआप करून घेणाऱ्या सूचना), टेम्प्लेट, सगळ्याचं मोल त्या कंपनीच्या मर्जीवर टिकतं. तिने मेनू बदलला, दर वाढवला किंवा प्रॉडक्टच गुंडाळलं, तर आपली मेहनत तेवढ्यापुरती वाया जाते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला तर वर्गणीही स्वतःच्या खिशातून भरावी लागते, कारण काम देणारा फाइल त्याच फॉरमॅटमध्ये मागतो.

सॉफ्टवेअर बनवणारेही यातून सुटलेले नाहीत. अॅपल, गूगल, इंटेल, अडोबी अशा कंपन्यांनी एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना स्वतःहून नोकरीसाठी संपर्क न करण्याचं आपसात ठरवलं होतं. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ते थांबवलं, आणि कर्मचाऱ्यांचा दावा मिटवायला या चौघींनी ४१.५ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. त्याला न्यायालयाची अंतिम मंजुरी २०१५ मध्ये मिळाली. ज्या अभियंत्याला कधी फोनच आला नाही, त्याने नाकारायचं तरी काय?

सगळ्यांनी एकच प्रोग्राम वापरला की देवाणघेवाण सोपी होते, हा युक्तिवाद मी खोटा म्हणणार नाही. पण ती सोय सामायिक फॉरमॅटमुळे येते, त्यासाठी मालक एकच असण्याची गरज नाही. ईमेल बघा: कुठल्याही प्रोग्राममधून कुणालाही पाठवता येतो, कारण त्याचे नियम खुले आहेत. कार्यालयीन दस्तऐवजांसाठीही ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे.

म्हणून बाजारात पर्याय किती, हे मी मोजत नाही. सोडून जाताना काय काय मागे ठेवावं लागेल, ते बघतो. तुमच्या कार्यालयात नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरत असेल, तर दराच्या आधी दोन गोष्टी लेखी मागा: आमचा सगळा डेटा खुल्या फॉरमॅटमध्ये केव्हाही बाहेर काढता येईल का, आणि करार संपल्यावर तो किती दिवस मिळत राहील. आणि ही बोलणी चालू असताना, जे रोज ते वापरणार आहेत त्यांच्यापैकी एक जण तरी खोलीत असू द्या.