कंबरेसाठी सुया टोचून घेऊ का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, वय ४६. कापूस वेचणीत ओटी बांधून दिवसभर वाकून राहावं लागते, कंबर लय दुखून राहिली. मेडिकलवाला गोळी देते, तेवढ्यापुरतं बरं वाटते. रात्री कर्जाच्या विचारानं डोळ्याला डोळा लागत नाही. तालुक्याला एक जण ॲक्युपंक्चर करते, तो म्हणते सगळ्या गोळ्या बंद करा. मले बीपीची गोळी चालू आहे. जाऊ का?

उत्तर : ताई, ॲक्युपंक्चर करून पाहायला हरकत नाही, पण बीपीची गोळी बंद करायची नाही म्हणजे नाही, आणि जो बंद करा म्हणतो त्याच्याकडे जाऊच नका. मला खरी काळजी वाटते ती मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांची, त्या रोज खाल्ल्या की बीपी वाढतं, किडनीला मार बसतो. सुयांनी त्या कमी झाल्या तरी पुष्कळ.

जुन्या कंबरदुखीत काहींना आराम पडतो. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेनं २०१७ मध्ये गोळ्यांच्या आधी करून पाहायचे जे उपाय सांगितले त्यात व्यायामासोबत ॲक्युपंक्चरही आहे. सुई एकदम बारीक असते, वीसेक मिनिटं ठेवतात, टोचल्यावर तिथं जड जड वाटतं. पण खोट्या सुया लावून, म्हणजे नुसतं टोचल्यासारखं करून, तुलना केली तर फरक थोडाच निघतो, म्हणून चमत्काराची आशा धरू नका, पाच-सहा वेळा जाऊन काहीच वाटलं नाही तर पैसे घालवू नका.

१९३८ मध्ये डॉ. कोटणीसांसोबत चीनला गेलेल्या पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. बसूही, या बसूंनीच पुढं ही विद्या भारतात आणली. आता महाराष्ट्रात तिचा कायदा आहे, कौन्सिल आहे, म्हणून नोंदणी आहे का ते बेधडक विचारा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, वापरलेली सुई परत नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा.

वेचताना ओटी गच्च भरू देऊ नका, अर्धी झाली की रिकामी करा, तेवढ्यात कंबर सरळ होते. पायातली ताकद गेली, जांघेत बधिर झालं किंवा लघवीवर ताबा राहिला नाही तर सुया वगैरे सोडा, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

आणि झोपेचं, सुईनं मन थोडं शांत होईलही, पण कर्जाचा घोर मनात दाबून ठेवू नका ताई, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात.