डिस्क्रीट मॅथ्सचे प्रूफ (सिद्धता) पाठ न करता कसे जमतील?

तुम्ही लिहिलंय की बारावीला गणितात चांगले मार्क होते, आता देवगडहून रत्नागिरीला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला आलात आणि प्रूफ पाठ करून पेपर देताय. गावातल्या शाळेमुळे पाया कच्चा राहिला का, असंही विचारलंय. शाळेचं डोक्यातून काढून टाका. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. अर्थात त्यांच्या पुण्याईवर तुमचा पेपर सुटणार नाही.

मी या विषयाची शिकवणी घेतो. माझा आग्रह एकच: प्रूफला हात घालण्याआधी विचारा, हे विधान खोटं ठरायला नेमकं काय घडावं लागेल?

'जर-तर'च घ्या, बरीच मुलं तिथेच अडकतात. 'बंदरावर तीन नंबरचा (वादळी हवेच्या इशाऱ्याचा) बावटा असेल तर आमची होडी समुद्रात नसते.' हे खोटं कधी? बावटा वर आहे आणि होडी बाहेर आहे, फक्त तेव्हाच. बावटा नसताना होडी गेली काय, न गेली काय, बोलणं खरंच राहतं. सत्यता सारणीत (विधान कधी खरं, कधी खोटं याच्या तक्त्यात) 'जर' खोटं असताना शेवटच्या रकान्यात 'खरं' येतं ते यामुळेच. आता उलटं करा: होडी किनाऱ्यावर आहे, म्हणजे बावटा लागलाय? छे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते; लख्ख ऊन पडलं तरी होड्या शाकारलेल्याच. 'जर' आणि 'तर'ची अशी अदलाबदल म्हणजे कन्व्हर्स, त्यावर भरवसा नाही. 'होडी बाहेर आहे, म्हणजे बावटा नाही' ही अदलाबदल करून दोन्ही बाजू नाकारणं म्हणजे कॉन्ट्रापॉझिटिव्ह. तो मूळ विधानाइतकाच पक्का.

म्हणून 'नचा वर्ग सम असेल तर न सम असतो' हे सरळ सिद्ध करत बसू नका, वर्गमुळात गुंताल. मागच्या दाराने या, कॉन्ट्रापॉझिटिव्ह सिद्ध करा: न विषम असेल तर वर्गही विषम. न विषम धरा, न = २म + १. वर्ग आला ४म² + ४म + १, म्हणजे २(२म² + २म) + १. विषम. संपलं.

चार उदाहरणं तपासून 'जमलं' म्हणायची सवय मात्र सोडा. न² + न + ४१ मध्ये ० ते ३९ काहीही घाला, मूळ संख्याच येते. ४० घातलं की १६८१, म्हणजे ४१ × ४१! इंडक्शनचा (पहिल्या संख्येला खरं, आणि एकीला खरं तर पुढचीलाही खरं, असं दाखवण्याचा) खटाटोप त्यासाठीच. त्यातली बेस केस, म्हणजे ती पहिली पायरी, गाळू नका: 'न = न + १' हे धडधडीत खोटं विधान एकदा गृहीत धरलं की 'न + १ = न + २' बिनबोभाट सिद्ध होतं.

√२ अपरिमेय (दोन पूर्णांकांच्या भागाकारात न मांडता येणारी) असल्याचा प्रूफ तुम्हाला पाठ असेलच. तोच, २च्या जागी ४ घालून, √४साठी लिहून काढा. √४ म्हणजे साक्षात २, तेव्हा एखादी ओळ खोटी पडलीच पाहिजे. कुठली, ते शोधा. हिंट देतो: २चा वर्ग ४ने भागला जातो, २ जात नाही.