बुकर, बुकी आणि वही हातात असलेला पैलवान

एका वाचक मैत्रिणीनं डस्टी ऱ्होड्स या अमेरिकन कुस्तीगिरावर मराठीत टिपण लिहायला घेतलं आणि दुसऱ्याच वाक्याला ती अडली. वाक्य होतं, ‘तो कुस्तीगीर होता आणि बुकरही होता.’ वाचणाऱ्या एकानं विचारलं, “कुठल्या कादंबरीला मिळालं?” दुसऱ्यानं ते घाईत ‘बुकी’ असं वाचलं. तिनं ‘सामना-नियोजक’ करून पाहिलं, ते तिलाच पटेना. शेवटी कुणीतरी ‘सामनानिश्चिती करणारा’ सुचवलं, तेव्हा घरातून प्रश्न आला, “मग अटक कधी झाली याला?” तर या बुकरला मराठीत म्हणायचं काय, असं ती विचारते.

आधी हा माणूस करतो काय ते बघू. डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) पत्त्यांवर लहानपण घालवलेल्यांना फार सांगायला नको. या कुस्तीत कोण कुणाशी लढणार, कोण जिंकणार, कसा जिंकणार आणि त्यावरून पुढच्या महिन्याचं भांडण कसं पेटणार, हे आधी ठरलेलं असतं. ते ठरवणारा तो बुकर. कंपनीचा मालक निराळा, तो पैसा लावतो. बुकर हा डोकं लावणारा. पूर्वी हे काम पुष्कळदा चालू खेळणाऱ्या किंवा नुकत्याच थांबलेल्या पैलवानाकडेच असे. ज्याच्याकडे हे काम, त्याच्याकडे ‘वही आहे’ किंवा ‘पेन्सिल आहे’ असं त्या धंद्यात म्हणतात.

शब्दाचा उगम सरळ आहे. नाचगाण्याचे कार्यक्रम, वादक, नट यांना अमुक तारखेला अमुक गावी यायला बांधून घेणं म्हणजे बुकिंग. अमेरिकेत पूर्वी कुस्तीचे इलाखे असत. इलाख्याच्या बुकिंग कचेरीतून गावोगावच्या आयोजकांना पैलवान पुरवले जात. म्हणजे बुकर हा मुळात पैलवान पुरवणारा. कोण जाणार हे तोच ठरवतो, म्हटल्यावर कोण पडणार हेही त्याच्याकडेच गेलं, आणि पहिला अर्थ मागे पडला.

या पहिल्या अर्थाला आपल्याकडे अगदी चपखल शब्द आहे, सुपारी. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी येऊन आपल्या यात्रेच्या तारखेची सुपारी देऊन जातात. बॅंडवाल्यालाही सुपारीच देतात. पण आज ‘त्यानं सुपारी घेतली’ म्हटलं की डोळ्यांसमोर बॅंडवाला येत नाही.

मराठीची गंमत म्हणा की दुखणं म्हणा, ते इथेच आहे. पडद्यामागे बसून आधी ठरवून ठेवणाऱ्याला आपल्याकडे जे जे शब्द होते, ते एकेक करून पोलिसांच्या पंचनाम्यात जमा झाले. सुपारीचं तर झालंच. ‘सूत्रधार’ घ्या. संस्कृत नाटकातला सूत्रधार हा नाटक उभं करणारा आणि स्वतः रंगमंचावर येऊन बोलणाराही, म्हणजे डस्टीच्या कामाशी इतका जुळणारा शब्द दुसरा नाही. पण वर्तमानपत्रात आता दरोड्याचा सूत्रधार असतो, पेपरफुटीचा असतो, नाटकाचा क्वचितच. ‘डाव रचणे’ पाहा. डाव हा कुस्तीतला मानाचा शब्द, ढाक, घिस्सा, कलाजंग हे सगळे डावच. डाव टाकणारा शूर, डाव रचणारा मात्र कपटी! ‘डाव टाकणाराही तोच आणि डाव रचणाराही तोच’ असं डस्टीबद्दल लिहायचा मोह मला झाला होता. शीर्षकाला ठीक आहे, पण व्याख्येला चालणार नाही.

‘सामनानिश्चिती’ तर बादच करा. तिथे कुणीतरी फसतं. पैज लावणारा, प्रेक्षक, संघातले बाकीचे. इथे गुन्हा नाही, तो खेळाचा प्रकारच तसा आहे. डस्टीच्या उमेदीच्या काळात हे सगळं खरं आहे असं छातीठोकपणे सांगत, हे कबूल. पण १९८९ साली खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफनंच न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर ही करमणूक आहे असं सांगून टाकलं. कारण व्यावहारिक होतं, खरा खेळ म्हटला की सरकारी नियमन आणि कर मागे लागतात. ‘नूरा कुस्ती’ही याच कारणानं नको. आतून संगनमत आणि बाहेरून खरी लढत असं भासवणं हा त्या शब्दाचा जीव आहे. मराठीत तर तो आता सत्ताधारी आणि विरोधकांसाठीच राखून ठेवल्यासारखा झालाय.

जाता जाता एक. ‘व्यावसायिक कुस्तीगीर’ हा शब्दही जपून वापरा. इनामावर लढणारा आपला पैलवान काय हौशी असतो? जुनी माणसं या प्रकाराला ‘फ्री स्टाइल’ म्हणत. दारा सिंग आणि किंग काँग यांच्या लढती मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर व्हायच्या, तेव्हापासूनचा तो शब्द. खरं तर फ्रीस्टाइल हा ऑलिंपिकमधला रीतसर कुस्तीप्रकार. पण आपल्या मथळ्यांत ‘महासभेत फ्री स्टाइल’ असं छापून येतं तेव्हा ऑलिंपिक कुणाच्याच मनात नसतं, खुर्च्या फेकणं असतं. ते वळण या दुसऱ्या कुस्तीतूनच आलं असावं, असा माझा तर्क.

आता कुस्तीच्याच भाषेत शोधू. आमच्या गावच्या यात्रेत मामा पंचांमध्ये असत. दुपारी रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात. मामा दोन पोरांची मनगटं धरून त्यांना कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेनं फिरवायचे, बगलेत एक शाळेची वही. लोकांनी बघून घ्यायचं की जोड बरोबर आहे का. मधूनच कुणीतरी ओरडायचं, “न्हाई न्हाई, ही जोड न्हाई! त्यो थोराड हाय!” मग त्यातलं एक पोरगं बाजूला, दुसरं कुणीतरी पुढे, वहीत खाडाखोड. हलगी थांबलेली नसायचीच. याला म्हणतात कुस्ती लावणं. किंवा जोड लावणं.

‘लावणे’ हा शब्द स्वच्छ राहिला, कारण ते काम चारचौघांत, उन्हात होतं. बुकरच्या कामाचा पहिला भाग हाच आहे, तोडीस तोड बघून जोड लावणं. पण मामा जोड लावून बाजूला व्हायचे. कोण चितपट होणार हे त्यांच्या वहीत नसायचं, आणि असतं तर गावानं त्यांना वहीसकट हौदात घातलं असतं.

बुकरच्या वहीत नेमकं तेच असतं. म्हणून ‘लावणे’ अपुरं पडतं.

माझं उत्तर ‘बसवणे’. नाटक बसवतात, नाच बसवतात, वग बसवतात. मराठीत हे क्रियापद अजून निष्कलंक आहे. नाटक बसवणाऱ्याला कुणी कटवाला म्हणत नाही. कुस्ती लावली म्हणजे जोड ठरली, निकाल मातीत लागणार. कुस्ती बसवली म्हणजे निकालासकट ठरली.

यावर एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. बसवणं म्हणजे पावलापावलाची तालीम ना? बुकर तर बऱ्याचदा फक्त शेवट सांगायचा. मधली वीस मिनिटं पैलवान एकमेकांच्या कानात कुजबुजत, प्रेक्षकांचा रंग बघत तिथल्या तिथे उभी करायचे. पण मग जुन्या वगाकडे बघा. त्याची संहिता बहुधा कागदावर नसेच. कथा ठरलेली, कोण केव्हा येणार हे ठरलेलं, बोलणं मात्र उभ्या उभ्या रचायचं, समोरचं गाव बघून. तरी आपण वग ‘बसवला’ असंच म्हणतो. शिवाय कुस्त्यांचाही फड आणि तमाशाचाही फडच, तेव्हा भाषेनं ही सोयरीक आधीच जुळवून ठेवली आहे. फडमालक हा त्यांचा प्रमोटर, वग बसवणारा हा बुकर, आणि दोन्ही एकच असला तर तेही आपल्याला नवं नाही.

शब्द टिकतो का ते डस्टीवरच लावून बघू. खरं नाव व्हर्जिल रनल्स. जन्म १९४५, टेक्सासमधल्या ऑस्टिनचा. वडील प्लंबर, आणि हे तो कधी लपवत नसे, उलट ‘प्लंबरचा पोरगा’ म्हणूनच मिरवायचा. पोट सुटलेलं, केस रंगवून पिवळे केलेले, कपाळावर जुन्या जखमांचे वळ, बोलण्यात बोबडेपणाची झाक. पैलवान म्हणून बघायला जाल तर हा माणूस काउंटरवर तिकिटं फाडताना शोभावा. पण तोंड उघडलं की संपलं. १९८५ मध्ये त्यानं टीव्हीवर हलाखीच्या दिवसांवर एक भाषण केलं. कापडगिरणीतून काढून टाकलेले, मोटारीच्या कारखान्यातून घरी बसवलेले, तीस वर्षं राबूनही जागेवर कॉम्प्युटर आला म्हणून बाहेर पडलेले, त्यांच्या नावानं बोलला. समोर शत्रू होता रिक फ्लेअर, महागडे सूट आणि घड्याळं मिरवणारा. भांडण अजिंक्यपदाच्या पट्ट्याचं होतं, ते डस्टीनं पगाराचं केलं. हे बसवणं.

बसवण्याचे धडे त्यानं फ्लोरिडात घेतले, एडी ग्रॅहॅमकडे. ग्रॅहॅमही पैलवान आणि कुस्त्या बसवणारा, म्हणजे वस्तादाकडूनच हे दुहेरी काम आलं. १९८४ मध्ये डस्टी जिम क्रॉकेटच्या कुस्ती कंपनीत बुकर म्हणून गेला, पुढची चारेक वर्षं वही त्याच्याकडे. दोन रिंग शेजारी शेजारी मांडून त्यांवर एकच छत असलेला लोखंडी पिंजरा आणि त्यात दोन टोळ्या, ही ‘वॉरगेम्स’ची कल्पना त्याचीच. पहिला प्रयोग ४ जुलै १९८७ ला अटलांटात झाला.

त्याच्या नावानं एक शब्दही रूढ झाला, ‘डस्टी फिनिश’. हा जरा सावकाश बघण्यासारखा आहे. पंच धक्का लागून आडवा होतो. नायक खलनायकाला पाडतो, दुसरा पंच धावत येऊन तीन मोजतो. घंटा, पट्टा हातात, लोक खुर्च्यांवर उभे. आणि मग पहिला पंच शुद्धीवर येऊन सांगतो की मघाशी बाहेरच्यांनी ढवळाढवळ केली होती, त्यामुळे सामना तिथेच संपला आणि पट्टा जुन्याच धन्याकडे राहणार. नोव्हेंबर १९८५ च्या ‘स्टारकेड’ या कंपनीच्या मोठ्या वार्षिक खेळात डस्टीनं फ्लेअरला असंच ‘हरवलं’ आणि निकाल नंतर फिरवला गेला. यात हिशेब आहे. गावाला जिंकल्याचा आनंद मिळतो, पट्टा हलत नाही, आणि पुढच्या खेळाची तिकिटं खपतात. पण तेच तेच त्याच गावात केलं की लोक शहाणे होतात, आणि झालेही. मराठीत याला मी ‘फिरवलेला निकाल’ म्हणेन. ‘तोंडचा घास’ जास्त चांगलं वाटतं, पण ते कशाबद्दल हे दरवेळी सांगावं लागेल.

पैलवानाच्याच हाती वही असण्यातली खोच आपल्या एका म्हणण्यात पुरेपूर आहे. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसा. इथे वाढपीच पंगतीला बसलेला! जुलै १९८६ मध्ये डस्टीनं फ्लेअरला हरवून तिसऱ्यांदा जागतिक पट्टा घेतला तेव्हा कुस्त्या बसवणारा तोच होता. त्यानं स्वतःला फार वाढून घेतलं, हा आरोप त्याच्यावर कायम झाला. माझ्या मते तो अर्धा खरा आहे. पट्टा दोन आठवड्यांत त्यानं फ्लेअरला परतही दिला, आणि त्या काळात गर्दी खेचणारे जे मोजके होते त्यांत तो स्वतः होताच. ते नाकारून वही चालवणं हाही वेडेपणाच झाला असता.

वही गेली तीही अशीच. १९८८ च्या अखेरीस कंपनी टेड टर्नरकडे गेली. टीव्हीवर रक्त दाखवायचं नाही असा हुकूम असताना डस्टीनं प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरच्या चिलखताचा खिळा आपल्याच डोळ्यात खुपसला जाण्याचा प्रसंग बसवला, आणि वही गेली. पुढच्या वर्षी तो डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये दिसला. काळ्या कपड्यांवर मोठाले पिवळे ठिपके, आणि बसवणारे दुसरे. अखेरच्या वर्षांत मात्र त्याच कंपनीच्या फ्लोरिडातल्या तालमीत तो नव्या पोरांना माइकसमोर बोलायला शिकवत होता. २०१५ च्या जूनमध्ये तो गेला.

बघा, वर मी तीन-चार ठिकाणी ‘बसवला’ आणि ‘बसवणारा’ वापरलं. कुठे अडखळलात? मला लिहिताना अडखळल्यासारखं झालं नाही. नामच हवं असेल तर ‘बुकर’ ठेवा, पण पहिल्या वेळी त्याच्या शेजारी क्रियापद उभं करा. ‘कुस्तीबसव्या’ वगैरे घडवायला जाऊ नका, ते शिवीसारखं ऐकू येतं. आणि टिपणात पुढे कुठे बुकर टी आला तर जपा. तो बुकर नव्हे, त्या पैलवानाचं नावच बुकर आहे.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘डस्टी ऱ्होड्स स्वतः कुस्त्या खेळायचा आणि इतरांच्या बसवायचाही. हे काम करणाऱ्याला त्या धंद्यात बुकर म्हणतात.’