पावसाळ्यातल्या डोंगरी रिलेसाठी डांबरावर पळणाऱ्या ग्रुपने तयारी कशी करावी?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: साताऱ्याचा रनिंग ग्रुप, चार जणांची टीम, प्रत्येकाने ५ किलोमीटरची तीच फेरी मारायची. फेरीत १८० मीटर चढ आणि तेवढाच उतार, वाट अर्धी शेताडीतून आणि अर्धी डोंगराच्या सोंडेवरून. शर्यत ऑगस्टमध्ये, हातात सहा आठवडे. सगळे घाटरस्त्यावर तयार झालेले, आणि तुम्ही विचारताय की चढाचा सराव किती वाढवावा.

वाढवू नका. यवतेश्वरच्या घाटात आठवड्याला दोनदा पळणाऱ्याकडे १८० मीटर चढायचा दम असतोच. सातारा हिल हाफ मॅरेथॉनही त्याच घाटातून जाते, पण तो रस्ता डांबरी. डांबरावर पाऊल टाकलं तिथं राहतं. चिखलात ते राहील याची खात्री नसते, आणि ती खात्री गेली की माणूस उतारावर स्वतःलाच ब्रेक लावत उतरतो. सारख्या दमाच्या दोघांत चढावर जो फरक पडतो त्याच्या कितीतरी पट निसरड्या उतारावर पडतो. दुसरा वेळ जातो तो फेरी संपवणाऱ्याने पुढच्याला मनगटाची पट्टी किंवा चिप देण्या-घेण्याच्या जागी, उभ्या-उभ्या. सहा आठवडे या दोन गोष्टींना द्या.

आधी माती ओळखा, कारण आपल्या जिल्ह्यात चिखल एका जातीचा नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, माण-खटावात ५०० च्या आसपास. शर्यतीची वाट नेमक्या कोणत्या मातीतून जाते ते आठवडाभर आधी, पाऊस पडून गेल्यावर, चालत जाऊन बघा. शेताडीतली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि बुटाला थरावर थर चढत जातो. शंभर पावलांत बूट दुप्पट जड होतो आणि तळाची नक्षी बुजून तो गुळगुळीत होतो. तिथं वाटेच्या मधून न जाता कडेच्या गवतावरून पळायचं, गवत तळवा पुसून काढतं. मात्र गवत म्हणजे गवतच. सोयाबीनमध्ये किंवा भुईमुगात पाय घालू नका, एकदा शेतकऱ्याने वाट बंद केली की पुढच्या वर्षी शर्यतच नाही.

डोंगराची तांबडी माती वेगळी. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर साबणासारखा, खाली जमीन घट्ट. तिथं तळाची नक्षी वरचा थर फोडून खाली रुतली तरच पाय थांबतो. पावसाने वाहून आलेला मुरूम घट्ट उतारावर पसरला असेल तर खडे पायाखाली गोळ्यांसारखे फिरतात, त्याला उपाय फक्त आखूड पावलं. आणि शेवाळलेला कातळ. त्यावर कोणताच बूट धरत नाही. उलट खोल नक्षीचा बूट जास्त सटकतो, कारण दगडाला टेकणारं रबर कमी असतं. काळपट-हिरवी चकाकी दिसली की चालायचं, पूर्ण तळवा टेकवून. दहा पावलं चालण्यात पाच सेकंद जातात.

बुटाबाबत दुकानदारापेक्षा या मातीचं ऐका. तळाच्या गुल्ल्या, म्हणजे नक्षीचे उंचवटे, ५ ते ६ मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात. दाट नक्षीत काळी माती अडकली की ती शर्यत संपेपर्यंत निघत नाही. रस्त्यावरचे जाड गादीचे बूट उंच असतात, वाकड्या जमिनीवर घोटा मुरगळायला ते पुरेसं आहे. फुटबॉलचे स्टड शेताडीत मस्त चालतात, पण तुमच्या वाटेत सोंडेवर कातळ आहे म्हणताय, तेव्हा नको. वॉटरप्रूफ बूटही नको. ओढ्यात पाणी वरून घोट्यापाशी शिरतंच, मग त्याला बाहेर जायला वाट राहत नाही. जाळीचा बूट चार पावलांत पाणी टाकतो. मोजे सुती नकोत, पातळ पॉलिस्टरचे घ्या, आणि बोटांच्या बेचक्यांत व मांड्यांच्या आत व्हॅसलीन लावा.

माप किंचित आवळ चालेल, सैल अजिबात नाही. काळ्या मातीत सैल बूट आतच राहतो आणि पाय मोज्यासकट बाहेर येतो, हे दर पावसाळी शर्यतीत कुणाचं ना कुणाचं होतंच. सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडीचा फास करून टाच बांधून घ्या, दुहेरी गाठ मारा आणि उरलेलं टोक नाडीखालीच खोचा. ओली नाडी साध्या गाठीने सुटते. सुटली की चिखलाच्या हातांनी ती बांधता येत नाही.

आता उतार. भीतीने माणूस मागे कलतो, तिथंच तो पडतो. मागे कललं की सगळं वजन टाचेवर जातं आणि टाच पुढे सटकते. कंबर पायांच्या वर ठेवायची, अंग उताराकडे किंचित झुकलेलं, गुडघे सैल, हात कोपरातून बाहेर पसरलेले. हे दिसायला बावळट दिसतं, पण तोल त्यानेच राहतो. पावलं आखूड आणि भराभर. पाऊल सटकलं तरी अंगाचं वजन पूर्ण पडायच्या आत पुढचं टेकलेलं असलं पाहिजे. नजर पायांवर नाही, तीन-चार मीटर पुढे. गवताचा झुबका, रुतलेला दगड, मूळ असं काही पाय टेकवायला शोधत राहायचं. दगड रुतलेला आहे की नुसता ठेवल्यासारखा आहे हे मात्र पाहायचं, आणि मूळ ओलं व साल निघालेलं असेल तर त्यावर पाय नको. वळणावर बाहेरच्या कडेला बहुतेक वेळा मातीचा उंचवटा असतो, पाय त्याला टेकवून वळा.

वाटेत डबकं आलं की रस्त्यावरची सवय त्याला वळसा घालायची. डबक्याची कड तिरकी आणि सगळ्यात निसरडी असते, तळ मात्र बहुधा घट्ट असतो. पुढचा कुणी त्यातून गेलेला दिसला असेल तर सरळ मधून जा. ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाणी साचलेलं असेल तर मात्र मधल्या उंचवट्यावरूनच, कारण चाकोरी किती खोल गेलीय ते गढूळ पाण्यात दिसत नाही.

चढाचं एकच सांगतो: जिथं टाच टेकत नाही इतका उभा आणि निसरडा तुकडा आहे तिथं पळू नका. हात मांड्यांवर ठेवून, पाय बदकासारखे बाहेर वळवून चाला. पळणारा दर पावलाला थोडा मागे घसरतो, चालणारा घसरत नाही, आणि माथ्यावर दोघं बरोबरच पोचतात. फरक इतकाच की चालणाऱ्याच्या पायांत उतारासाठी ताकद उरलेली असते.

सरावाला मातीची वाट लागेल. अजिंक्यताऱ्याची पायवाट घराजवळची आणि शहरापासून अडीच-तीनशे मीटर चढणारी, तुमच्या फेरीला ती पुरून उरते. पहाटे चालायला येणारी मंडळी तिथं बरीच असतात, म्हणून वेगाचा उतार त्या वाटेवर नको. त्यासाठी दुसरीकडे ८० ते १०० मीटरचा गवताळ उतार शोधा, साधारण आठ मीटरला एक मीटर उतरणारा, खाली सपाटी असलेला. कासच्या सड्यावर मात्र जाऊ नका. २०१२ पासून ते पठार पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे, हा भाग वेगळाच. खरं कारण असं की जांभ्यावर मातीचा थर फार पातळ आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फुलणारं सगळं त्या थरावरच उगवतं. खोल नक्षीच्या बुटांनी ते उखडतं.

पहिल्या आठवड्यात त्या उतारावर ६ वेळा उतरा, पहिल्या दोन खेपा जवळजवळ चालीच्या वेगाने, वर येताना चालत. दर आठवड्याला दोन खेपा वाढवत चौथ्या आठवड्यात १२. दिवस ओलाच निवडा, कोरड्या गवतावर यातलं काहीच शिकायला मिळत नाही. पहिल्यांदा दोन दिवसांनी मांड्या इतक्या दुखतील की जिना उतरवणार नाही. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन झेलतो, त्यामुळे हे होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दुखणं बरंच कमी होतं आणि तो फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या १० ते १२ दिवस आधी, नंतर हलकं. रविवारी ७-८ किलोमीटर मातीत सावकाश, आणि घरी रोज एका पायावर डोळे मिटून ३० सेकंद, प्रत्येकी तीनदा. घोट्यासाठी एवढं पुरतं. तरी सहा आठवड्यांत कुणाचा तरी घोटा मुरगळतोच, तेव्हा पाचवा माणूस आधीच तयार ठेवा आणि ऐनवेळी नाव बदलता येतं का ते आयोजकांना विचारून घ्या.

कोण कितवा, यावर ग्रुपमध्ये भांडण ठरलेलं. सगळ्यात वेगवान माणूस शेवटी ठेवायची पद्धत ट्रॅकवरची आहे. इथं चौघं त्याच फेरीतून जाणार, म्हणजे चौथ्याच्या वेळेपर्यंत शेकडो पायांनी वाटेचा राडा झालेला असणार. त्या राड्यात निव्वळ वेगाचा उपयोग कमी. मी वेगवान माणूस पहिला पाठवीन: तेव्हा वाट सगळ्यात चांगली असते, आणि पायवाट अरुंद होण्याआधी पुढे घुसता आलं नाही तर माथ्यापर्यंत लोकांच्या पाठी बघत चालावं लागतं. दुसरा तुमच्यातला सर्वात नवखा, कारण गर्दी पांगलेली आणि वाट अजून बरी. तिसरा दमाचा. चौथा तो, ज्याचा पाय उतारावर पक्का बसतो आणि पडला तरी डोकं फिरत नाही, मग रस्त्यावरचा त्याचा वेळ काहीही असो.

आता वेळेचा अंदाज. चढाचा १ मीटर म्हणजे सपाटीचे ८ मीटर, हा डोंगरातला जुना हिशेब. १८० मीटरचे होतात १.४ किलोमीटर, म्हणजे फेरी ६.४ किलोमीटरची धरा. १० किलोमीटर ५० मिनिटांत पळणाऱ्याला कोरड्यात ३२ मिनिटं. चिखलाचे किती वाढवायचे ते सरावातून कळेल, पाच ते आठ मिनिटं धरून चाला. हा अंदाज पुढच्या माणसासाठी आहे. त्याने सगळ्यात लवकरच्या वेळेच्या १५ मिनिटं आधी अंग गरम करायला लागायचं.

बहुतेक डोंगरी रिलेत बॅटन नसतं, मनगटाची पट्टी किंवा घोट्याला बांधलेली, वेळ नोंदवणारी चिप असते, आणि ती वेल्क्रोची असते. वेल्क्रोत चिखल भरला की ते चिकटत नाही. पट्टीच्या जागी पाण्याची बाटली आणि जुना टूथब्रश ठेवा. घोट्याची चिप असेल तर येणाऱ्याने वाकायचं नाही. दमलेला माणूस वाकला की तोंडावर पडतो. त्याने एक पाय पुढे करून उभं राहायचं, पुढच्याने गुडघा टेकून चिप काढायची आणि आपल्या घोट्याला बांधायची. कोणता पाय ते आधी ठरवा. रिकाम्या मैदानात, हाताला चिखल फासून, हे वीस वेळा करा. पहिल्यांदा अर्धा मिनिट लागतो, विसाव्यांदा दहा सेकंद.

धुकं उतरलं तर तीस मीटरवरचा माणूस ओळखू येत नाही, आणि छातीवरचा नंबर तर चिखलाने झाकलेलाच असतो. चौघांना एकाच भडक रंगाची टोपी द्या. डोंगरात फोनच्या रेंजवर विसंबू नका, शेवटच्या वळणावर पाचव्या माणसाला शिट्टी देऊन उभा करा. आपला दिसला की दोन लांब शिट्ट्या. तोवर वाट बघणाऱ्याने अंगावर रेनकोट किंवा डोक्यापुरतं भोक पाडलेली मोठी कचऱ्याची पिशवी ठेवायची. ओल्या अंगाला वारा लागून दहा मिनिटांत मांड्या गारठतात, आणि गारठलेले पाय पहिल्याच उतारावर घात करतात.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. चाळीस मिनिटांच्या फेरीला अडीच तास आधी खाल्लेले पोहे पुरतात. कंदी पेढे नंतर.

धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन ठेवा. खरचटलेल्या जागा चिकटपट्टीने झाकूनच चिखलात उतरा आणि नंतर साबणाने धुवा. शेताडीच्या चिखलात जनावरांचं आणि उंदरांचं मूत असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना "चिखलात पळालो होतो" हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. झाडीच्या भागात जळू लागली तर ओढू नका, नख तिच्या तोंडाशी सरकवून सोडवा. बूट त्याच दिवशी धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवले तर तळवा उकलतो.